माळ्यावरचे बूट: सोल निघाल्यानंतरचे पाच महिने

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंडमध्ये क्लिंगेनस्टॉकहून फ्रोनाल्पस्टॉककडे जाणाऱ्या धारेवर माझ्या उजव्या बुटाचा सोल निघाला. टाचेपासून चवड्यापर्यंत सगळा उघडला, फक्त बोटांपाशी चिकटून राहिला. प्रत्येक पावलाला फटक-फटक आवाज. डावीकडे उतार, उजवीकडे उतार, समोर खाली उर्नरझे तळ्याचं निळं पाणी, आणि मी वाटेत बसून बूट हातात घेऊन बघत होते.

बूट कसले ते थोडक्यात सांगते. घोट्याच्या वरपर्यंतचे, लेदरचे, आत वॉटरप्रूफ पडदा असलेले, नेहमीचे डोंगरी बूट. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे कळेल की दोष मी समजले होते तसा नव्हता. पहिल्यांदा स्वित्झर्लंडला होते तेव्हा सेलमध्ये १८९ फ्रँकला घेतले, जेमतेम पाच-सहा वेळा वापरले आणि ठाण्याला परतले. आईबाबांच्या घरी माळ्यावर ते पाच पावसाळे होते. मी पुन्हा इकडे आले तेव्हा सामानात जागा नव्हती. या मे महिन्यात बाबा आले, तेव्हा त्यांनी ते सोबत आणले. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले, आत डांबराच्या गोळ्या. दिसायला अगदी नवे.

म्हणून पहिल्याच मोठ्या वाटेला तेच घातले. श्टोस गावाला वर नेणारी फ्युनिक्युलर, म्हणजे तारेने ओढली जाणारी रेल्वे, २०१७ मध्ये सुरू झाली. तिचा चढ ११० टक्क्यांपर्यंत आहे आणि डबे पिंपासारखे गोल, त्यामुळे आतली जमीन सपाट राहते. बाबा लहान मुलासारखे काचेला नाक लावून उभे होते. वरच्या गावातून चेअरलिफ्टने १,९३५ मीटरच्या क्लिंगेनस्टॉकवर आणि तिथून धारेने १,९२२ मीटरच्या फ्रोनाल्पस्टॉकवर. अंतर पाच किलोमीटरसुद्धा नाही, दोन-अडीच तास लागतात. वाट पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, म्हणजे डोंगरी वाट. पिवळ्या पाट्यांच्या फिरायच्या वाटांपेक्षा एक पायरी अवघड. काही ठिकाणी पायऱ्या आणि साखळ्या आहेत. आपल्याकडे ज्यांनी पावसाळ्यात एखादी निसरडी सोंड उतरली आहे, त्यांना इथे भीती वाटणार नाही. पण सोल धड हवा.

मागून येणाऱ्या एका आजोबांनी न विचारता पाठपिशवीतून केबल टाय काढले आणि चार टाय लावून बूट बांधून दिला. त्यांची भाषा मला निम्मी कळली. फ्रोनाल्पस्टॉकपर्यंत मी लंगडत गेले. वरून लाउएर्त्सरझे तळं, म्युथेनची जोडशिखरं, पलीकडच्या काठावर र्‍युटलीचं कुरण, सगळं दिसत होतं. बाबा एकेक नाव विचारत होते आणि मी पायाकडे बघत होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आल्यावर दुकानाला फोटोंसह मोठा मेल लिहिला. जेमतेम सत्तर किलोमीटर चाललेला बूट असा कसा सुटतो, डोंगरावर जिवावर बेतलं असतं तर, वगैरे. उत्तर आलं दोन ओळींचं: वॉरंटी दोन वर्षांची, ती संपली. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्या मेलला उत्तरच नाही. त्या रात्री मी या बुटांबद्दल जे लिहिलं होतं ते छापलं असतं तर आज मला लाज वाटली असती.

ल्यूसर्नच्या एका बूटदुरुस्तीच्या दुकानात गेले ते केवळ नवे बूट २८० फ्रँकच्या खाली मिळेनात म्हणून. दुकानदारानं डावा बूट उचलला, जो मला चांगला वाटत होता, आणि मिडसोलवर अंगठा दाबला. शिळ्या भाकरीचा व्हावा तसा चुरा झाला. मग त्यानं समजावलं. बाहेरचं रबर आणि वरचं लेदर यांच्यामध्ये जो मऊ थर असतो, तो बहुतेक डोंगरी बुटांत पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली ओल त्यात शिरते आणि त्याचे रासायनिक बंध तोडत जाते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट नुसता पडून असला तरी हे होतं. उलट नियमित चालणाऱ्याचा बूट जास्त टिकतो, कारण पावलाच्या दाबानं ओल बाहेर पडत राहते. त्यानं विचारलं, कुठे ठेवले होते? मी म्हटलं, समुद्राजवळच्या गावात, प्लास्टिकमध्ये. तो फक्त मान हलवत राहिला.

बाबांना हे सांगायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "अगं, ओल लागू नये म्हणून तर दोन पिशव्या घातल्या होत्या." ओल आतच कोंडली होती, हे त्यांना पटायला वेळ लागला. मला मात्र दुकानावरचा राग सोडावा लागला. दोन ओळींच्या उत्तराबद्दल अजून तक्रार आहे, बुटाबद्दल नाही. एक गोष्ट मात्र खटकते: पडून राहिल्यानं खराब होतो, हे बुटाच्या खोक्यावर एका ओळीत लिहायला काय हरकत आहे?

दोन्ही सोल आणि मिडसोल बदलायला ११५ फ्रँक पडले, तीन आठवडे लागले. नवा थर ईव्हीएचा, म्हणजे दुसऱ्या एका फेसाळ प्लास्टिकचा, घेतला. तो ओलीनं तुटत नाही, पण कालांतरानं दबून चपटा होतो. वरचं लेदर, शिवण, आतला पडदा, सगळं ठणठणीत होतं. फेकून दिले असते तर चूक झाली असती.

त्यानंतरचा हिशोब. जुलैत ग्रोसर म्युथेन, होल्त्सएकपासून वर जवळजवळ पाचशे मीटरचा चढ, नागमोडी वळणांमागून वळणं, आणि लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेला चुनखडक. पकड उत्तम. सप्टेंबरात वेग्गिसहून रिगी कुल्म, तळ्याकाठापासून १,७९८ मीटरपर्यंत पायी. तिथला खडक नागेलफ्लू, म्हणजे गोट्यांचं नैसर्गिक काँक्रीट. पाऊस पडून गेल्यावर त्यावरचे गोटे तेल लावल्यासारखे होतात. नवं रबर तिथे दोनदा सरकलं. जुनं कमी सरकलं असतं का, सांगू शकत नाही. ऑक्टोबरात पिलाटुस डोंगरावरून आल्पनाखश्टाडपर्यंत उतरले. जगातली सर्वांत तीव्र चढाची दातेरी रेल्वे, १८८९ ची, ४८ टक्क्यांची, त्याच उतारावरून जाते. सोळाशे मीटर सलग उतार. गुडघे बोलले, बोटं नाही. फक्त गोल नाड्या तासाभरात सैल होतात. घोट्यापाशी दुहेरी पीळ द्यायला शिकले, मग थांबलं.

ऑगस्टमध्ये रोसबर्गच्या १,५८० मीटरच्या विल्डश्पित्सवर गेले, ते या सगळ्यात सर्वांत लक्षात राहिलं. गोल्डाऊकडून जाताना दोन्ही बाजूंना घराएवढे खडक झाडीत पडलेले दिसतात. २ सप्टेंबर १८०६ ला, पावसाळी हंगामानंतर, डोंगराचा एक अख्खा थर खाली घसरला. वर नागेलफ्लू, खाली मार्लचा, म्हणजे चुनामिश्रित चिकणमातीचा, मऊ थर, मधे पाणी मुरलं आणि वरचं सगळं सुटलं. ४५७ माणसं गेली, लाउएर्त्सरझेचा काही भाग भरून गेला. माथ्यावरून तो उघडा पडलेला उतार आजही स्पष्ट दिसतो. मी तिथे बसून बुटाच्या मधल्या थरावर अंगठा दाबून बघत होते. तेव्हापासून प्रत्येक वाटेआधी दाबते. जवळ चार केबल टाय आणि एक जादा नाडी असते.

आता वर बर्फ पडलंय, बहुतेक चेअरलिफ्ट बंद आहेत. बूट धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून, कापडी पिशवीत खोलीतच ठेवलेत. दर रविवारी तळ्याकाठी तासभर घालून चालते. बाबा मे महिन्यात परत येणार आहेत. त्यांच्यासाठी बूट बघायला गेले होते, तेव्हा विक्रेत्याला आधी बनवल्याची तारीख विचारली. त्याला ती शोधायला दहा मिनिटं लागली. सेलमधला जोड तीन वर्षांपूर्वीचा निघाला, तो ठेवून दिला आणि चाळीस फ्रँक जास्त देऊन या वर्षीचा घेतला.