चौदा महिन्यांचा फ्रिज आणि फेअर ट्रेडिंग

जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉगा वॉगाला पारा चाळिशीला टेकलेला, आणि आमचा 14 महिन्यांचा फ्रिज बंद पडला. दह्याला फेस आला, कोथिंबीर काळी पडली. आईंची इन्शुलिनची पेनं मी रुमालात गुंडाळून बर्फाच्या खोक्यात ठेवली. दुकानदार म्हणाला, वर्षाची वॉरंटी संपली, स्वखर्चाने सिडनीला पाठवा. साडेचारशे किलोमीटर!

शेवटी एनएसडब्ल्यू फेअर ट्रेडिंगकडे, म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्याच्या ग्राहक-तक्रारी बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, ऑनलाइन तक्रार केली. एक सेंट लागला नाही. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं: 2011 पासूनच्या ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉ या ग्राहक कायद्यानुसार कंपनीची वॉरंटी संपली तरी वस्तू वाजवी काळ टिकायलाच हवी, आणि फ्रिजसारख्या अवजड सदोष वस्तूच्या ने-आणीचा खर्च विक्रेत्याचा. दुकानाशी बोलणीही त्यांनीच केली. नवव्या दिवशी मेकॅनिक घरी, कॉम्प्रेसर नवा, बिल शून्य. मला तर रडूच आलं.

मात्र ही माणसं सहसा मध्यस्थीच करतात, दुकानावर सक्ती क्वचितच करू शकतात. दुकान अडूनच बसलं तर एनकॅट या राज्याच्या न्यायाधिकरणात फी भरून जावं लागतं. खरेदीचा पुरावा मात्र हवाच. माझ्या पावतीवरची शाई उडाली होती, बँकेच्या स्टेटमेंटवर भागलं.