तगरगंठोडा, आठ महिन्यांनंतर: झोपेबद्दल तक्रार नाही, वासाबद्दल आहे

मिक्सरच्या झाकणाचं रबर शेवटी फेकावं लागलं, म्हणून हे लिहायला घेतलं. तगर, म्हणजे झोपेसाठी घेतात ते हे मूळ, मिक्सरमध्ये दळू नका. चार वेळा धुवा, कोरडे तांदूळ फिरवा, लिंबू चोळा, उन्हात ठेवा. स्टीलच्या भांड्याचा वास जातो, रबराचा जात नाही. त्यानंतर केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीला पायमोज्यांचा वास येतो.

खरेदीतच मोठा घोळ आहे, तो आधी. आपल्याकडे अंगणात पांढऱ्या फुलांची तगर असते, देवाला वाहतात ती. तिचं मूळ उकळून पिणारे महाभाग आहेत. ते चिकाचं झाड पूर्ण वेगळं, हे मूळ त्याचं नव्हे. नुसता ‘गंठोडा’ मागितला तर नंदुरबार-नवापूरकडे, शेजारच्या गुजरातीमुळं, हातात पिंपळमूळ पडतं. तेही काही घरांत गुळाबरोबर झोपेसाठी घेतात, पण वस्तू दुसरी. नाव पूर्ण घ्या, तगरगंठोडा, आणि अख्खं मूळ दाखवायला सांगा. युरोपातल्या कॅप्सूलमधलं व्हॅलेरियन हे याच कुळातलं, पण झाड निराळं. आपलं हिमालयातून येतं. शास्त्रीय नावात ‘जटामांसी’ आहे म्हणून उटण्यातली केसाळ जटामांसीही ती नव्हे.

खरं मूळ पेन्सिलीएवढं जाड, चार ते आठ सेंटीमीटर लांब, मळकट तपकिरी आणि वाकडं. वरच्या अंगाला पानं गळल्याचे आडवे वळ, खालच्या अंगाला तुटलेल्या मुळ्यांचे बारीक गोल डाग. नीट वाळलेलं असेल तर काटकन मोडतं; वाकून राहिलं तर ओल आहे, घेऊ नका. संस्कृतात याला ‘नत’ आणि ‘वक्र’ म्हणतात ते या बाकामुळंच. यातलं काहीच चूर्णात दिसत नाही. ऑनलाइन मागवलेल्या चूर्णाच्या पहिल्या पाकिटात एक चमचा पाण्यात ढवळल्यावर ग्लासच्या तळाशी रेतीचा थर बसला होता. विक्रेत्याचं उत्तर होतं, ‘नैसर्गिक आहे, माती असणारच’. पैसे मातीचेही घेतले होते. परत मिळाले नाहीत.

मूळ आणलं की भिजत घालायचं नाही. जुन्या दातांच्या ब्रशनं माती झाडायची, फार मळकं असेल तर वाहत्या पाण्याखाली झटकन धुऊन सावलीत वाळवायचं. मग खलबत्त्यात कुटायचं, रव्याएवढं जाडसर. वस्त्रगाळ करण्याची हौस नको, गाळताना गाळ पेल्यात उतरतो. मात्रेला चमच्याचा भरवसा नाही, कारण जाडसर भरड आणि बारीक चूर्ण एकाच चमच्यात वेगवेगळं भरतं. आयुर्वेदिक फार्माकोपियात (सरकारी औषधकोशात) चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिली आहे. दहा ग्रॅम मोजून घ्यायचं (जळगावात सोनाराच्या काट्याला काय तोटा), कागदावर पाच सारखे ढीग करायचे, पाच पुड्या बांधायच्या. एक पुडी म्हणजे दोन ग्रॅम, एक रात्र. पाव किलो मुळात सव्वाशे रात्री निघतात, माती-कचऱ्याची घट वगळून. कॅप्सूलच्या बाटलीशी हा हिशोब एकदा लावून बघाच.

काढा करू नका. खळाखळा उकळलं की सुगंधी तेल वाफेबरोबर जातं आणि वास घरभर होतो. दीडशे मिली पाणी उकळून गॅस बंद करायचा, पुडी टाकायची, वर ताटली, दहा-पंधरा मिनिटांनी गाळायचं. झोपायच्या तासभर आधी घ्यायचं. दुधात टाकायला सांगणारे बरेच भेटतात. दुधात हा वास आंबलेल्या चीजसारखा लागतो, तेव्हा त्यांनी आधी स्वतः पिऊन दाखवावं. रात्री तिखटजाळ शेवभाजी झाली असेल तर त्या दिवशी सुट्टी. पोटात मळमळतं, मुरडा येतो, आणि दोष औषधाला लागतो.

आता परिणाम. पहिले आठ-दहा दिवस शून्य. ही झोपेची गोळी नव्हे. युरोपियन औषध संस्थेच्या, तिकडच्या व्हॅलेरियनवरच्या माहितीतही दोन ते चार आठवडे सलग घ्यावं, तातडीच्या उपयोगाचं नाही, असंच आहे. बरेच जण तिसऱ्या दिवशी ‘काही होत नाही’ म्हणून सोडतात किंवा मात्रा दुप्पट करतात. दोन्ही चूक. तिसऱ्या आठवड्यापासून फरक जाणवतो तो आडवं झाल्यापासून डोळा लागेपर्यंतच्या वेळात. डोक्यातलं चक्र लवकर थांबतं. पहाटे तीनला जाग येणाऱ्याला काही फायदा दिसला नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१७ च्या सूचनांत निद्रानाशावर व्हॅलेरियन वापरू नये असं सुचवलंय, हेही सांगायला हवं. पाच पैकी साडेतीन, झोपेपुरते.

इथपर्यंतचं मत जानेवारीतलं. तेव्हा वासाला पाचपैकी शून्य दिला होता. तो आता बदलतो.

हा वास मूळचा एवढा नसतो. ताज्या मुळाला मातकट, किंचित कापरासारखा गंध असतो. आतली व्हॅलेपोट्रिएट नावाची द्रव्यं नाजूक. ऊब आणि ओल लागली की फुटतात आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल सुटतं. घामट पायांचा वास ज्याचा, तेच हे आम्ल. म्हणजे डबा उघडल्यावर नाक फिरलं तर ‘माल कडक आहे’ असं समजायचं नाही, माल उतरला असं समजायचं. दुकानदार नेमकं उलटं सांगतात. दिवाळीच्या आधी उटणं-धुपासाठी नवा माल येतो, तेव्हाच घ्या. चैत्रात घेतलेलं मूळ पत्र्याच्या दुकानात आधीच भाजलेलं असतं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. भुसावळ-जळगावात पारा ४५ पार गेला की बंद कपाटातलं चूर्ण दहा दिवसांत बिघडतं. पोत्यात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. अख्खी मुळं काचेच्या घट्ट बरणीत, घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात. कूलरच्या वाऱ्यात नाही, तिथं ओल असते. कुटायचं आठवड्यापुरतंच, म्हणजे चौदा ग्रॅम, सात पुड्या. अशा तऱ्हेनं ठेवलेल्या मुळाचा वास मार्चपर्यंत सहन होण्याजोगा राहिला. वासाला आता अडीच. मांजर घरात असेल तर बरणीचं झाकण फिरकीचंच घ्या, या वर्गातल्या मुळांवर ती लोळतात.

‘थंड औषध आहे, उन्हाळ्यात घ्या’ हा सल्लाही सोडून द्या. तगर उष्ण वीर्याची. चरकानं ती शीतप्रशमन गणात, म्हणजे थंडी घालवणाऱ्या द्रव्यांत घातली आहे. पौष-माघात तिचा उपयोग बरा वाटतो. मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, खाट टाकून झोपणाऱ्याला झोप न येण्याचं कारण तापलेला स्लॅब असतो, त्याला तगर काय करणार? एप्रिलपासून बंद ठेवली. बंद करताना आठवडाभर निम्मी पुडी, मग थांबायचं.

रात्रीच्या लाइटीला केळीला पाणी भरायला जायचं असेल त्या रात्री घेऊ नका; बांधावर, अंधारात, मोटारीजवळ गुंगी परवडत नाही. रेल्वेच्या रात्रपाळीवाल्यांनाही तेच. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, दारू घेतली असेल, गरोदर बाई, अंगावर पाजणारी, बारा वर्षांखालचं मूल: नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. आणि ‘निद्रा चूर्ण’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात सर्पगंधा आहे का ते वाचा, तिनं रक्तदाब उतरतो.

उरलेलं बिघडलेलं चूर्ण उटण्यात ढकलू नका, अभ्यंगस्नानाला सगळं घर शिव्या देईल. आणि ती बरणी परत लोणच्याला नको, तिच्याही झाकणाला रबर असतं.