योक-डिन टँक व्हॉल्व्ह: मालवणात एक हंगाम वापरल्यानंतर

स्कूबा डायव्हिंगच्या हवेच्या टाकीवर बसणारा, क्रोम चढवलेला पितळी व्हॉल्व्ह. योक (बाहेरून पकड आवळून बसणारा) आणि डिन (आट्यांनी आत फिरवून बसणारा) असे दोन्ही रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोग्या दाबाला आणणारी यंत्रं, चालतात, २३२ बारपर्यंत. मानेचे आटे पाऊण इंची एनपीएसएम (अमेरिकी मापाचे सरळ आटे), बाजूला बर्स्ट डिस्क, म्हणजे दाब फार वाढला की फुटून हवा सोडणारी पातळ चकती. ८० घनफुटी ॲल्युमिनियमच्या टाक्यांवर (आतली जागा ११.१ लिटर, भरण्याचा दाब २०७ बार) ऑक्टोबर ते मे असा मालवण-तारकर्लीचा पूर्ण हंगाम हे व्हॉल्व्ह वापरात होते. व्हॉल्व्ह चांगला आहे, पुन्हा घ्यावा असा आहे. मात्र त्यातल्या सुरक्षेच्या सोयींबद्दल बोटीवर बरेच गैरसमज चालतात, म्हणून थोडं सविस्तर.

आधी नॉब. तो हलका फिरतो आणि मिठाने अडकला नाही, कारण रोज गोड्या पाण्याने धुतला जात होता. उघडायचा तो पूर्ण. "पूर्ण उघडून पाव फेरा मागे" ही जुन्या व्हॉल्व्हच्या काळातली सवय आता सोडूनच द्यावी. घाईत कुणीतरी उघडा व्हॉल्व्ह उलटा फिरवून बंद करतो, मग सवयीने पाव फेरा मागे घेतो, आणि व्हॉल्व्ह फक्त पाव फेरा उघडा राहतो. बोटीवर गेज व्यवस्थित २०० बार दाखवतो, श्वासही येतो. २० मीटरवर मात्र प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या तिप्पट हवा लागते आणि तेवढी त्या फटीतून येत नाही. म्हणून उडी मारण्याआधी गेजवर नजर ठेवून रेग्युलेटरमधून चार लांब श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. श्वासागणिक खाली जाऊन परत वर येत असेल, तर नॉब अर्धवट आहे.

हंगामात सर्वाधिक डोकेदुखी झाली ती योकच्या इन्सर्टची. हा काढता-घालता येणारा पितळी तुकडा ८ मिलिमीटरच्या ॲलन कीने बसतो आणि त्याला दोन ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) असतात: एक समोर दिसणारी, दुसरी आत पाठीमागे. रेग्युलेटर लावून हवा सोडली की फुसफुस येते, लोक समोरची ०१४ नंबरची ओ-रिंग बदलतात, फुसफुस तशीच. कारण हवा मागच्या रिंगवरून येत असते. इन्सर्ट सैल झालेला असतो किंवा ती रिंग चपटी झालेली असते. व्हॉल्व्ह बंद ठेवून इन्सर्ट काढा, बैठक पुसा, रिंग बदला, हाताला घट्ट लागेल इतकाच आवळा. डिन रेग्युलेटर लावताना काढलेले इन्सर्ट डबीत ठेवावेत. वाळूचा अडकलेला एक कणही रिंग कापू शकतो.

आता बर्स्ट डिस्क. उन्हात टाकी तापली तर ही चकती वाचवते, असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. २७ अंशांना २०७ बार भरलेली टाकी ६० अंशांपर्यंत तापली तरी दाब २३० बारच्या आसपास जातो. अमेरिकी ३एएल (तिथल्या मानकाची ॲल्युमिनियमची) टाकीची चाचणी ३४५ बारला होते आणि चकती त्याच्या ९० ते १०० टक्क्यांत, म्हणजे ३१० ते ३४५ बारला फुटते. नवी चकती उन्हाने फुटत नाही. ती आहे कंप्रेसरवर जास्त भरलं गेलं तर. आगीतही तिच्यावर विसंबू नये: अर्धी भरलेली टाकी तापली तर दाब चकतीपर्यंत पोचण्याआधीच ॲल्युमिनियम मऊ पडू शकतं.

जुनी चकती ही वेगळी गोष्ट. दर भरणीला ती फुगते, रिकामी होताना सैलावते, वर खाऱ्या पाण्याचा गंज, आणि एक दिवस नेहमीच्याच दाबाला फुटते. मेमध्ये एका व्हॉल्व्हच्या डिस्कच्या छिद्रापाशी हिरवट खपली धरलेली दिसली. साबणाचं पाणी लावल्यावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे येऊ लागले. असं दिसलं की ती टाकी बाजूला काढायची. चकती नॉबच्या आधी, टाकीच्या बाजूला असते, त्यामुळे फुटल्यावर नॉब बंद करून हवा थांबत नाही. बदलताना टाकी पूर्ण रिकामी हवी. प्लग, चकती, वॉशर असा नवा संच टाकीच्या दाबाशी जुळणारा घ्यायचा आणि उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला आवळायचा. एकावर एक दोन चकत्या घालणं म्हणजे सुरक्षा काढून टाकणं. दर हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाखाली टाकीची चाचणी), म्हणजे ५ वर्षांनी, ती बदलावीच. बऱ्याच युरोपीय व्हॉल्व्हवर चकती नसतेच, तिथे भिस्त कंप्रेसरच्या रिलीफ व्हॉल्व्हवर.

व्हॉल्व्ह विकत घेताना मानेचे आटे नीट वाचा. पाऊण इंची टाकीत एम२५ चा (२५ मिलिमीटर मेट्रिक आट्यांचा) व्हॉल्व्ह फिरतो, थोडा सैल लागतो, धरतोही, आणि भरताना उडू शकतो. यात जीव जातो. टाकीवरचा आणि व्हॉल्व्हवरचा असे दोन्ही ठसे जुळले पाहिजेत.

दुकानातली वार्षिक तपासणी कशी ओळखावी? व्हॉल्व्ह काढला नसेल तर ती तपासणी झालेली नाही, स्टिकर कितीही नवा असो. टाकी हळू रिकामी करून, व्हॉल्व्ह उतरवून, आत दिवा सोडून तळ पाहायला हवा: पांढरी भुकटी, खड्डे, पाण्याचा थेंब, तेलाचा वास. मानेचे आटे आरशाने. रबरी बूट काढून बुडाशी अडकलेलं मीठ. व्हॉल्व्हखालची डिप ट्यूब (टाकीच्या आत उतरणारी छोटी नळी) जागेवर घट्ट आहे ना. मानेची २१४ नंबरची ओ-रिंग दर वेळी नवी. रंग करपलेली ॲल्युमिनियमची टाकी थेट बाद. जुनी टाकी स्वस्तात मिळत असेल तर मिश्रधातू विचारा. ६३५१ या जुन्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या टाक्यांना मानेत भेगा पडतात, त्यांना एडी करंट चाचणी (विजेच्या प्रवाहाने भेगा शोधणारी) लागते. टाक्या बनवणाऱ्या लक्सफर कंपनीने अमेरिकेत १९८८ मध्ये तो सोडून ६०६१ घेतला. हायड्रो टेस्ट मान्यताप्राप्त केंद्रातच. आपल्याकडे हे काम २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली नागपूरच्या पेसोकडे (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंची सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) येतं.

पावसाळ्यात टाक्या पूर्ण रिकाम्या ठेवू नयेत. १५-२० बार हवा आत ठेवून, व्हॉल्व्ह बंद करून, सावलीत उभ्या ठेवाव्यात. उघड्या रिकाम्या टाकीत जूनची दमट हवा शिरते आणि ऑक्टोबरमध्ये तळाशी तीच पांढरी भुकटी सापडते.