आयबिस मॉडेल विकत घ्यायच्या आधी फाइल नोटपॅडमध्ये उघडा

पुण्यात भोसरीच्या बाजूला आम्ही छोट्या कंपन्यांना बोर्ड डिझाइन करून देतो. एका गिऱ्हाइकाच्या बोर्डावर एफपीजीए (आपल्याला हवी तशी जुळवता येणारी चिप) आणि तिच्यापासून मेमरीपर्यंत ३.३ व्होल्टची समांतर बस होती. सिग्नल इंटिग्रिटी, म्हणजे सिग्नल न बिघडता पोचतो का, हे संगणकावर तपासायला त्यांच्या खरेदी विभागाने एका सल्लागाराकडून एफपीजीएचं आयबिस मॉडेल आणलं, म्हणजे चिपच्या पिना विजेच्या दृष्टीने कशा वागतात ते सांगणारी फाइल. किंमत ८५ हजार. कोटेशनवर 'प्रत्यक्ष मोजमापाशी जुळवलेलं, एन्क्रिप्टेड, तुमच्या डिझाइनसाठी खास' असं छापलेलं.

'तुमच्या डिझाइनसाठी खास' हीच या धंद्याची मेख. साध्या चिपच्या पिनचा स्वभाव कारखान्यातच ठरतो. एफपीजीएचा तसा नाही. तीच पिन कॉन्फिगरेशननुसार ४ मिलिअँपची संथ किंवा १२ मिलिअँपची वेगवान होते, म्हणून आयबिस फाइल आपल्या डिझाइनवरून काढावी लागते. हे ऐकलं की खरेदीवाल्याला वाटतं, काहीतरी अवघड काम असणार. प्रत्यक्षात एफपीजीए उत्पादकांच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्येच ती सोय असते: झायलिंक्सच्या जुन्या आयएसईत त्यासाठी आयबिसरायटर होता, नंतरच्या विवाडोत एका कमांडचं काम आहे, दुसऱ्या उत्पादकाच्या क्वार्टसमध्येही सोय आहे. वर उत्पादकांच्या संकेतस्थळावर सर्वसाधारण मॉडेल फुकट मिळतात ती वेगळीच.

'एन्क्रिप्टेड' म्हणजे काय, तर पासवर्ड लावलेली झिप. आत साधी मजकुराची फाइल. आयबिस असतंच तसं: बफरच्या (पिनेमागच्या सर्किटच्या) व्होल्टेज-करंटचे तक्ते, चढत्या-उतरत्या कडांचे आकडे, पॅकेजचे रोध, प्रेरकत्व, धारकत्व. बहुतेक आकड्यांना तीन रकाने, नेहमीचा, किमान आणि कमाल. आयबिसचक नावाचा फुकट तपासनीस फाइलचं व्याकरण बघतो, त्यात ही फाइल बिनबोभाट पास झाली. सिम्युलेशनमध्ये कमाल रकान्यालाही सिग्नलच्या लहरी देखण्या आल्या आणि बोर्ड छपाईला गेला.

बोर्ड थंड असला की मेमरीत चुकीचा डेटा, गरम झाला की सगळं सुरळीत. ऑसिलोस्कोप लावला तर उतरत्या कडेला सिग्नल शून्याच्या बराच खाली जाऊन घणघणत होता. एफपीजीएत स्लू (सिग्नल चढण्या-उतरण्याचा वेग) संथ करून पाहिला, पण मग टायमिंग बसेना. ड्रायव्हरपाशी, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या पिनेपाशी, हे घणघणणं आवरणाऱ्या सिरीज रेझिस्टरला जागाच ठेवलेली नव्हती, कारण सिम्युलेशन म्हणत होतं गरज नाही.

मग फाइल ओळ न ओळ वाचली. तापमानाच्या ओळीत किमान रकान्यात ०, कमालमध्ये ८५. दिसायला बरोबर! पण आयबिसमधला 'किमान' म्हणजे मंद, कमजोर बफर, आणि सीमॉस (अशा चिपांमधलं ट्रान्झिस्टर सर्किट) सहसा तापल्यावर मंदावतो. म्हणून त्या रकान्यात जास्त तापमान हवं. ज्याने कधी स्वतः मॉडेल काढलंय त्याच्या हातून ही ओळ अशी उलटी पडत नाही.

पुढे उत्पादकाची फुकट फाइल शेजारी ठेवली. नेहमीचा रकाना दशांशासकट तोच, मॉडेलांची नावंही तीच, फक्त कॉपीराइटच्या ओळी उडवलेल्या. किमान रकाना सगळीकडे त्याच्या ०.९ पट, कमाल १.१ पट. एकाच बेतावरून सगळ्या मापांचे सदरे कापावेत तसं. खऱ्या सिलिकॉनमध्ये वक्राचा आकारच बदलतो, प्रत्येक व्होल्टेजला एकच गुणोत्तर येणं शक्य नाही. चोरी लगेच ओळखू येऊ नये म्हणून ही गुणाकाराची कारागिरी केली असावी.

आणि तो 'मोजमापाचा अहवाल'! त्यातली 'मोजलेली' लहर इतकी गुळगुळीत की स्कोपचा जरासुद्धा गोंगाट नाही. कोणता प्रोब, त्याची बँडविड्थ किती, बोर्डावर कुठे टेकवला, यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सल्लागाराला विचारल्यावर त्याने गोपनीयता कराराचं कारण पुढे केलं, मग फोन उचलायचं बंद केलं. बिलावर 'इंजिनिअरिंग सेवा' एवढंच लिहिलंय, त्यामुळे काय विकलं यावरूनच वकिलाकडे घोडं अडलंय. तेव्हा बिलावर चिपचा पूर्ण पार्ट नंबर, पॅकेज आणि फाइलची आवृत्ती लिहून घ्या.

आता तोच माणूस ट्रान्सीव्हरची (अतिवेगवान डेटा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या सर्किटची) एएमआय मॉडेल, म्हणजे आयबिसचाच पुढचा प्रकार, विकतोय, ओळखीच्या एका कंपनीला कोटेशन आलंय. त्यातला मुख्य भाग कंपाइल केलेला असतो, नोटपॅडमध्ये उघडून काही कळत नाही. अशी मॉडेल उत्पादकाकडून रीतसर नोंदणी करून मिळतात, त्यांच्या फील्ड इंजिनिअरला एक मेल टाकला तरी काम होतं. त्या कंपनीला तोच मेल टाकायला सांगितलंय.