सोलर स्मार्टवॉच: जास्तीचे पैसे कशाचे?

गार्मिन कंपनीची इन्स्टिंक्ट २ आणि फिनिक्स ७ ही दोन्ही घड्याळं २०२२ च्या सुरुवातीला साध्या आणि सोलर अशा दोन्ही रूपांत आली. सोलरचा भाव तपासायला ही जोडी उत्तम, कारण साध्या आणि सोलर घड्याळातला मुख्य फरक काचेचाच आहे: सोलरच्या काचेतच उन्हावर वीज बनवणारं पारदर्शक पॅनेल असतं. अमेरिकेतल्या तेव्हाच्या जाहीर किमती पाहिल्या तर सोलरसाठी इन्स्टिंक्टवर सुमारे २९ टक्के, फिनिक्सवर १४ टक्के जास्त मोजावे लागत. वाढीव रक्कम मात्र दोन्हीकडे सारखीच होती. फिनिक्सचं सफायर सोलर याहून महाग होतं, पण त्यातले बरेचसे पैसे सफायर काच, टायटॅनियम आणि मल्टिबँड (एकाहून जास्त लहरींवर चालणाऱ्या) जीपीएसचे. ते सोलरच्या खात्यात धरू नयेत.

काचेला एवढे पैसे का? छपरावरच्या पॅनेलमधून आरपार दिसायची गरज नसते, इथे असते. २०१९ च्या फिनिक्स ६एक्स प्रो सोलरमध्ये स्क्रीनच्या कडेने जेमतेम १ मिलिमीटर रुंदीचं पूर्ण क्षमतेचं कडं होतं, आणि स्क्रीनवर पसरलेला, जवळपास न दिसणारा १० टक्के क्षमतेचा थर. ३५ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रीनचा हिशेब केला तर हा अख्खा थर त्या बारीक कड्याइतकीच, म्हणजे साधारण १ चौरस सेंटिमीटर पॅनेलएवढी वीज देतो. इतक्या थोड्या विजेसाठी खास काच, तिच्या जोडण्या आणि चार्जिंगचं वेगळं सर्किट बसवावं लागतं. भाव तिथे चढतो.

आता बदल्यात काय मिळतं ते पाहू. साधं इन्स्टिंक्ट २ एका चार्जवर २८ दिवस चालतं. ही करामत सोलरची नाही, कमी वीज खाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या स्क्रीनची. सोलर घेतलं तर कंपनी ‘अमर्याद’ म्हणते, पण अट अशी की रोज ३ तास ५०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड मिळायला हवा. फिनिक्स ७ मध्ये त्याच अटीवर १८ चे २२ दिवस होतात. म्हणजे सोलरचा पैसा इन्स्टिंक्टमध्ये वसूल होतो, फिनिक्समध्ये फारसा नाही.

अट नीट वाचा. थेट उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, ऑफिसात ३०० ते ५००. उन्हातल्या त्या ३ तासांची भरपाई ४०० लक्सच्या दिव्याखाली करायची तर ३७५ तास लागतील! बैठं काम असेल तर साधंच घ्या. शेतात, साइटवर किंवा डोंगरात दिवस जात असेल तर सोलर जरूर घ्या. जीपीएस चालू असताना इन्स्टिंक्टचे ३० तास उन्हात ४८ पर्यंत जातात, आणि लांबच्या पायपिटीत हे १८ तास फार मोलाचे.

तक्रारी बहुतेक वापरातून येतात. घड्याळ बाहीखाली राहतं, किंवा गडद स्क्रीनगार्ड उजेड अडवतो. घाई म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर ते तापतं, आणि ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये म्हणून चार्जिंग थांबतं. काच फुटली तर पॅनेलही तिच्याबरोबर जातं, त्यामुळे दुरुस्ती महाग पडते.

घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत आठवडाभर नेहमीसारखं वापरा आणि घड्याळातला सौर तीव्रतेचा आलेख रोज संध्याकाळी पाहा. तो बहुतेक दिवस तळाशीच असेल तर परत करून साधं मॉडेल घ्या.