पोलंड, जॉर्जिया की एस्टोनिया? उच्च शिक्षणाच्या सुधारणेसाठी कोणाचा अनुभव अभ्यासावा

उच्च शिक्षणाच्या धोरणाचा अभ्यास करणाऱ्याला, किंवा एखाद्या समितीसाठी मसुदा लिहायला बसलेल्याला, १९८९ नंतरच्या पूर्वाश्रमीच्या कम्युनिस्ट देशांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. केंद्रीय प्रवेश परीक्षा, विद्यार्थ्यामागून जाणारे (तो निवडेल त्या संस्थेला मिळणारे) अनुदान, खासगी संस्थांना मोकळीक, शुल्कमाफी, विद्यापीठाच्या कारभारात बाहेरच्या सदस्यांना स्थान, असे आज आपल्याकडे वादाचे असलेले बहुतेक उपाय या देशांनी एका पिढीच्या अवधीत करून पाहिले आहेत. सर्वच देश सखोल अभ्यासणे कोणाला शक्य नसते. त्यामुळे पोलंड, जॉर्जिया आणि एस्टोनिया यांपैकी एकाची निवड कशी करावी, याचा येथे विचार केला आहे. सुधारणा कोणी घडवली, आणि ती झाल्यावर निर्णयाचा अधिकार कोणाच्या हाती राहिला, हा माझा मुख्य निकष आहे.

तिन्ही देशांना मिळालेला वारसा बराचसा सारखा होता. कोणत्या शाखेत किती जागा असाव्यात हे सरकारी नियोजन ठरवत असे, आणि संशोधनाचा मोठा भाग विद्यापीठांत नव्हे तर विज्ञान अकादमीच्या संस्थांत चाले. सोव्हिएत संघाचा भाग असलेल्या जॉर्जिया व एस्टोनियात ही चौकट अधिक घट्ट होती. पोलंडमध्ये मात्र विद्यापीठांची जुनी परंपरा पूर्णपणे मोडली गेली नव्हती, आणि कम्युनिस्ट राजवटीला आव्हान देणाऱ्या सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीत सहभागी झालेला प्राध्यापकवर्ग सत्तांतराच्या वेळी पुरेसा संघटित होता.

जॉर्जियाची सुधारणा सर्वांत वेगवान. त्यापूर्वी तेथे प्रत्येक संस्था आपापली प्रवेश परीक्षा घेत असे आणि प्रवेशासाठी लाच देणे ही उघड रीत झाली होती; परीक्षक मंडळावरच्या प्राध्यापकाकडेच शिकवणी लावणे हा त्याचा सभ्य प्रकार होता. २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर (शांततामय जनआंदोलनाने झालेल्या सत्तांतरानंतर) आलेल्या सरकारने शिक्षणमंत्री काखा लोमाया यांच्या काळात, डिसेंबर २००४ मध्ये उच्च शिक्षणाचा नवा कायदा केला आणि २००५ च्या उन्हाळ्यात पहिली एकत्रित राष्ट्रीय परीक्षा घेतली. प्रश्नपत्रिका देशाबाहेर छापण्यात आल्या, परीक्षागृहांत कॅमेरे बसवण्यात आले, आणि परीक्षा घेण्याचे काम विद्यापीठांकडून काढून एका स्वतंत्र राष्ट्रीय केंद्राकडे सोपवण्यात आले. या परीक्षेच्या गुणांवर सरकारी अनुदान विद्यार्थ्याला मिळू लागले आणि ते घेऊन त्याला मान्यताप्राप्त खासगी संस्थेतही जाता येऊ लागले. प्रवेशातली लाचलुचपत जवळजवळ एका हंगामात मोडून निघाली. या यशाचे मोल कमी लेखू नये. ज्या घरांकडे द्यायला पैसे नव्हते, त्यांच्या मुलांसाठी विद्यापीठाचे दार त्या वर्षी खऱ्या अर्थाने उघडले.

याच सुधारणेची दुसरी बाजूही तितकीच काळजीपूर्वक पाहायला हवी. संक्रमणकाळासाठी विद्यापीठांचे प्रमुख राष्ट्राध्यक्षांनी नेमले. प्राध्यापकांच्या जागा पुन्हा स्पर्धेने भरल्या गेल्या, त्यात अनेक ज्येष्ठ अध्यापक बाहेर पडले आणि निदर्शनेही झाली. मानांकनाच्या (संस्थांच्या दर्जाची तपासणी करून मान्यता देण्याच्या) पहिल्या फेऱ्यांनंतर बऱ्याच संस्थांना नवे प्रवेश देणे थांबवावे लागले. हे सर्व मंत्रालयाच्या अधिकारात घडले आणि तो अधिकार पुढेही मंत्रालयाकडेच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये निराळ्या पक्षाच्या सरकारने ‘एका शहरात एक विद्याशाखा’ हे तत्त्व जाहीर केले, विद्यार्थ्यामागून जाणाऱ्या अनुदानाऐवजी सरकारने जागा ठरवून देण्याची पद्धत मांडली, आणि सरकारी विद्यापीठांत, अपवाद वगळता, परदेशी विद्यार्थी न घेण्याचे धोरण पुढे केले. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीला वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय, आणि त्यांतल्या मराठी, कुटुंबांना याची थेट झळ पोहोचू शकते. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की वीस वर्षांपूर्वीची अनुदानपद्धती बाजूला सारायला सरकारला विद्यापीठांच्या संमतीची गरज भासली नाही, कारण ती आणतानाही कोणी संमती मागितली नव्हती.

पोलंडची वाट याच्या उलट आहे. सप्टेंबर १९९० च्या कायद्याने विद्यापीठांना निवडून आलेले रेक्टर (आपल्या परिभाषेत कुलगुरू) आणि अधिकारसंपन्न सिनेट (विद्यापीठाची निर्णय घेणारी सभा) दिले, तसेच खासगी संस्थांचा मार्ग खुला केला. १९९१ मध्ये संशोधनाचा निधी वाटण्यासाठी जी समिती स्थापन झाली, तिचे बहुसंख्य सदस्य संशोधकांनी निवडलेले होते. अध्यापकांच्या हाती इतकी सत्ता गेल्याने स्वातंत्र्य टिकले, पण अवघड निर्णय वर्षानुवर्षे लांबत गेले. त्याच काळात विद्यार्थिसंख्या १९९० मधील सुमारे चार लाखांवरून २००५ च्या आसपास वीस लाखांच्या जवळ पोहोचली. ही वाढ राज्याच्या पैशावर झालेली नव्हती. सरकारी विद्यापीठांत पूर्णवेळ शिक्षण मोफत राहिले, परंतु सायंकाळच्या व शनिवार-रविवारच्या वर्गांना शुल्क आकारले गेले; आणि तीनशेहून अधिक खासगी संस्थांत बहुधा सरकारी विद्यापीठांतलेच प्राध्यापक दुसरी, तिसरी नोकरी करून शिकवत राहिले. १९८३ नंतरच्या विनाअनुदानित महाविद्यालयांची वाढ पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला पोलंडचा हा टप्पा सर्वांत ओळखीचा वाटेल, आणि जन्मदर घटल्यावर त्या खासगी संस्थांवर काय वेळ आली, हे तर अवश्य तपासावे असे आहे.

२०१८ चा पोलिश कायदा धोरणनिर्मितीची प्रक्रिया म्हणून वेगळा अभ्यासण्याजोगा आहे. मंत्री यारोस्वाव गोविन यांनी मसुदा मंत्रालयात बसून लिहिला नाही. स्पर्धेतून निवडलेल्या तीन स्वतंत्र गटांकडून प्रथम तीन निराळे आराखडे मागवले, देशभर परिषदा घेतल्या, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये क्राकूव येथील राष्ट्रीय परिषदेत मसुदा मांडला. एवढे करूनही जून २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी वॉर्सा विद्यापीठात ठिय्या दिला, कारण बाहेरच्या सदस्यांना मोठे स्थान देणाऱ्या विद्यापीठ मंडळांतून राजकीय हस्तक्षेप शिरेल अशी त्यांना भीती होती. अंतिम कायद्यात मंडळे राहिली, पण रेक्टरची निवड विद्यापीठातल्या निर्वाचकांकडेच ठेवली गेली. हस्तक्षेप प्रत्यक्षात आला तो निराळ्या दाराने: २०२१ मध्ये पुढच्या मंत्र्यांनी संशोधनाच्या मूल्यमापनासाठीच्या नियतकालिकांच्या यादीत, तज्ज्ञांच्या शिफारशी डावलून, नियतकालिकांना दिलेले गुण बदलले. कायदा कितीही चर्चेने केलेला असो, गुणांची यादी मंत्र्याच्या सहीने बदलता येत असेल तर सत्ता तिथेच जाऊन बसते.

एस्टोनियाविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे नाट्य कमी आहे. सुमारे तेरा लाख लोकवस्तीच्या या देशाने नव्वदच्या दशकाच्या आरंभीच आपल्या विज्ञानक्षेत्राचे परीक्षण स्वीडिश शास्त्रज्ञांकडून करून घेतले. लहान देशात सगळेच एकमेकांना ओळखतात, तेव्हा बाहेरचा परीक्षक आणणे हा शहाणपणाचा निर्णय होता. अकादमीच्या बहुतेक संशोधन संस्था पुढे विद्यापीठांत विलीन झाल्या. २०१३ पासून एस्टोनियन भाषेतील पूर्णवेळ शिक्षण निःशुल्क करून विद्यापीठांना कामगिरीच्या करारांनुसार निधी देण्यात आला. शुल्काचे उत्पन्न गेल्यावर सरकारी निधी पुरेसा वाढला नाही ही तक्रार मात्र कायम राहिली. मातृभाषेतल्या उच्च शिक्षणाला पैशाचे पाठबळ कसे द्यावे, हा ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी हाच देश घ्यावा.

चौथा देश, हंगेरी, आदर्श म्हणून नव्हे तर पडताळ्यासाठी जवळ ठेवावा. ‘स्वायत्तता’ या नावाखाली २०१९ मध्ये कॉर्विनस विद्यापीठ आणि २०२१ मध्ये इतर अनेक सरकारी विद्यापीठे प्रतिष्ठानांकडे सोपवली गेली. त्यांच्या विश्वस्त मंडळांवर मंत्रीही बसले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने अशा प्रतिष्ठानांशी निधीचे नवे करार करण्यास मनाई केली.

निवड करताना आपल्यापुढचा प्रश्न प्रथम नेमका करावा. प्रवेश परीक्षेवरचा विश्वास उडाला असेल तर जॉर्जियाचे २००५ हे वर्ष बारकाईने वाचावे आणि स्वतंत्र परीक्षा केंद्राची रचना उचलावी, पण विद्यापीठांच्या कारभारासाठी तोच नमुना वापरू नये. मातृभाषा व निधी यांसाठी एस्टोनिया पुरेसा आहे, मात्र त्याचा लहान आकार सतत ध्यानात ठेवावा लागेल. कोट्यवधी लोकवस्ती, खासगी संस्थांचा पसारा, संघटित अध्यापक आणि बदलती सरकारे, असे सगळे एकत्र असलेल्या राज्यासाठी मसुदा लिहायचा असेल तर माझी पसंती निःसंशय पोलंडला आहे. त्यातही सुरुवात १९९० आणि २०१८ चे कायदे शेजारी ठेवून, रेक्टर कोण निवडतो आणि निधीचे निकष कोण बदलू शकतो, या दोन कलमांपासून करावी.