बारा वड्यांची ‘स्टुडंट’ जलरंग पेटी: स्वतः शिकणाऱ्याला कितपत पुरते?

शिक्षकाविना शिकताना चूक हाताची की साहित्याची, हे सांगायला कुणी नसतं. म्हणून पेटी घेताना झाकणावरचं चित्र सोडा, वडीच्या वेष्टनावरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा.

अल्ट्रामरीन निळा (पीबी २९; पीबी म्हणजे ‘पिगमेंट ब्लू’, निळं रंगद्रव्य) आणि थॅलो निळा (पीबी १५) एकेकाच रंगद्रव्याचे असतात, त्यामुळे मिश्रणं स्वच्छ येतात. गोची होते ती दोन-तीन रंगद्रव्यं आधीच मिसळलेल्या वड्यांची. त्यात आणखी दोन रंग घातले की चिखल, आणि शिकणारा दोष देतो स्वतःच्या हाताला! क्रिमझनवर, म्हणजे गडद लाल वडीवर, पीआर ८३ (पीआर म्हणजे ‘पिगमेंट रेड’) असेल तर तो उजेडात विटतो. शंका असल्यास रंगाची पट्टी काढा, अर्धी जाड कागदानं झाका आणि दोन-तीन महिने खिडकीत ठेवून पाहा.

वड्या कोरड्या घासू नका. दोन थेंब पाणी टाकून मिनिटभर थांबा, नाहीतर रंग फिका येतो आणि ब्रशचं टोक जातं. काळी वडी जवळजवळ निरुपयोगी. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिळून जास्त जिवंत करडा देतात. सोबतचा बारीक नायलॉन ब्रश पाणी धरत नाही, ८ नंबरचा गोल ब्रश वेगळा घ्यावा.

कागद मात्र ३०० जीएसएमचाच, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड. पातळ कागद फुगतो, खळग्यांत पाणी साचतं आणि कडेला फुलकोबीसारखे डाग उमटतात. तो दोष पेटीचा नाही.